अमान आलं!

आमच्या वरच्या खोलीत अल्जीरियाच्या वाळवंटातले दोन विद्यार्थी राहतात. एक अरब, दुसरा आमाझिघ, म्हणजे अरब यायच्या कितीतरी आधीपासून तिथलाच. वस्ती एक, भाषा दोन. गेल्या उन्हाळ्यात आमचा नळ आठ दिवसांनी यायला लागला, टाकी पुरेना आणि माझं डोकं फिरलं. "दोघांपैकी एकानं दुसरीकडं खोली बघा," मी सरळ सांगून टाकलं.

तेव्हापासून वर जी खडाजंगी सुरू झाली! कळत काही नव्हतं, फक्त 'अमान, अमान' सारखं कानावर यायचं. आग मी लावलेली, त्यामुळं धास्तीही मलाच. शेजारच्या आपांना अरबी वाचता येतं, म्हणून त्यांना जिन्यात उभं केलं. त्यांनी कान दिला आणि म्हणाल्या, "ताई, अमन बोल रे. सुलह हो री." म्हणजे शांततेची बोलणी, समेट! माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरब मुलगा बॅग घेऊन खाली उतरला. त्याच्यामागं दुसराही, आपली बॅग घेऊन.

"ही कसली सुलह?" मी ओरडलेच.

अरब मुलगा मोडक्या हिंदीत सांगू लागला, "खाला, याच्या भाषेत अमान म्हणजे पाणी. आमच्याकडची विहीर याच्या लोकांची. माझ्या पणजोबांना त्यांनीच प्यायला दिलं. तेव्हापासून आमच्या घरात पाणी याच्याच शब्दात मागतात. एवढं प्यालो, आता मी निघतो."

"विहीर आमची, हा पाहुणा," दुसऱ्यानं त्याची बॅग ओढली. "पाहुण्याला कसं जाऊ देऊ? मी जातो."

म्हणजे चार दिवस हे जाण्यासाठी भांडत होते!  मला लाज वाटली. सिल्लोडला माझे दोघं सख्खे भाऊ विहिरीच्या पाळीवरून सात वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मी दोन्ही बॅगा उचलल्या आणि धापा टाकत वर नेऊन ठेवल्या.

आता नळ आला की मी अंगणातून ओरडते, "अमान आलं रे!" भिंतीपलीकडून आपा न चुकता "आमीन" म्हणतात.

परवा मी अशीच ओरडले, तेव्हा धाकटा भाऊ फोनवर होता. "अमान काय गं?" त्यानं विचारलं. मी सगळी हकिकत सांगितली. 

मग तो म्हणाला, "दादाच्या मक्याला पाणी पुरतंय का गं? इचारून सांगशील?"