उमेनोची हलकी चाकं

उमेनो कुरोइवा आणि मी गावच्या एकाच शाळेत शिकलो. शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि एक मास्तर. तिघांत शेगडी त्यातल्या त्यात हुशार होती. उमेनो नेहमी शेगडीजवळ बसायची, कारण तिथं आधी बसलेल्याला ती ढकलून द्यायची. ऐंशी ओलांडली तरी हा गुण तिने टिकवून ठेवलाय. दात गेले, नवरा गेला, पण ढकलणं आहे तसंच आहे.

आमचं गाव घाटात. बस येते, पण चुकून आल्यासारखी येते आणि लगेच परत जाते. म्हणून इथं प्रत्येकाला दोन पाय आणि एक छोटा पांढरा ट्रक असतो, आणि त्यातले पाय आधी निकामी होतात. उमेनो आपल्या ट्रकातून मुळ्याच्या लोणच्याची पिंपं रस्त्यावरच्या दुकानाला पोचवते आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना एकेक करून गरम झऱ्यावर अंघोळीला नेते. एकेक, कारण बसायला जागाच दोघांची. ट्रक गेला तर तिचं जग अंगणाच्या कडेला संपणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि तिच्या मुलालाही.

मुलगा नोबुहिको, ताकासाकी शहरात नोकरीला. पोरगा वाईट नाही, फक्त काळजी फार करतो. आईने लायसन पोलिसचौकीत परत द्यावं आणि आपल्या सहाव्या मजल्यावरच्या घरी येऊन गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालावं, एवढंच त्याचं म्हणणं. उमेनो म्हणायची, कुंडीत लावायचं असेल तर मी मेल्यावर लाव.

पण त्याच्या हातात एक हुकमाचा पत्ता होता, आणि तो आईनेच त्याला दिलेला.

झालं होतं असं. मागे एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याचं चाक चालत्या ट्रकातून निसटलं आणि तो ट्रकासकट अळूच्या वाफ्यात जाऊन बसला. नट आवळायला अंगात जोरच उरला नव्हता. त्यावर गावच्या बैठकीत उमेनोनेच नियम काढला. मुळे खारवून झाले की येणाऱ्या रविवारी सगळ्यांनी आगीच्या बंबाच्या शेडपुढे ट्रक आणायचे, उन्हाळी टायरची चाकं काढून बर्फात चालणारी चढवायची, आणि सगळ्यांच्या देखत. ज्याला स्वतःच्या हाताने जमलं नाही त्याने लायसन परत द्यायचं. नियम लोकांना इतका आवडला की त्याची जत्राच झाली. बाकडी मांडायची, चहा, लोणचं, आणि दुसऱ्याच्या कंबरेवर बोलायचं. बंबाचा नाईक शेवटी पाना लावून नट तपासतो आणि मान हलवतो.

पहिला बळी कोण पडला असेल? उमेनोचाच नवरा, गेन्झो. त्याने चाक हाताने उचलण्याऐवजी फावड्याच्या पात्यावर ठेवून तरफेने वर केलं. आम्ही सगळे, शाबास गेन्झो, म्हणणार तेवढ्यात उमेनो म्हणाली, "गाडी काय फावडं चालवणार आहे?" संपलं. पुढे मरेपर्यंत गेन्झो तिच्या शेजारच्या सीटवर बसून तिच्या गिअर बदलण्याला नावं ठेवत राहिला. तोच त्याचा सूड.

आता गेल्या उन्हाळ्यात उमेनोचा उजवा खांदा आखडला. काठीवर कपडे वाळत घालता येईनात. लोखंडी चाक टायरसकट गुडघ्यापासून बोल्टापर्यंत उचलायचं, भोकं जुळेपर्यंत तोलून धरायचं, ते तिला या साली जमणार नाही हे मला दिसत होतं. तिला तर आधीच कळलं होतं. नोबुहिकोने फोनवर कळवलं की यंदा चाकांच्या रविवारी तो मुद्दाम येणार आहे. फावड्याचा रस्ता तिने स्वतःच बुजवलेला.

तेव्हा ती शिओदाकडे गेली. शिओदाचं गॅरेज घाटाच्या पायथ्याशी. केस पिवळे, वय पन्नाशीला टेकलेलं, आणि गाडी अशी की वळणावर तिच्या टायरांच्या किंकाळीने उमेनोच्या कोंबड्या अंडी द्यायच्या विसरतात. वर्षानुवर्षं ती त्याला झाडूने धमकावत आलेली. त्या दिवशी ती ट्रक घेऊन आत शिरली, सोबत मीही होतो, तर तो आधी शटर ओढायला धावला.

ती म्हणाली, सर्वांत हलकं चाक दाखव. बिचाऱ्याचा चेहरा असा उजळला की जणू आयुष्यभर कोणीतरी हेच विचारावं म्हणून थांबला होता. त्याने घडीव ॲल्युमिनियमची चाकं काढली, सोनेरी, देवळातल्या घंटेसारखी चमकणारी. मग सुरूच झाला. जड चाक म्हणजे पाणी भरलेले गमबूट घालून पळणं. गाडी सुटताना इंजिनाचा निम्मा जीव ते फिरवण्यातच जातो, आणि थांबताना ब्रेकला त्यालाच आवरावं लागतं. खड्ड्यात जड चाक दणकन उडतं आणि स्प्रिंगला ते लवकर खाली दाबता येत नाही. हलकं असलं की रस्ता सोडत नाही, अंगाला हिसका कमी बसतो, पेट्रोलही थोडं वाचतं.

उमेनोने सगळं ऐकून घेतलं. "मला पळायचं नाहीये रे. मला ते गुडघ्यापासून बोल्टापर्यंत उचलायचंय. तेवढं होईल?"

हा फायदा शिओदाच्या यादीत नव्हता. त्याने एक चाक तिच्या हातात दिलं. तिने डाव्या हाताने उचललं, वर-खाली केलं, मागून बघितलं. "हे चाक आहे का पातेल्याचं झाकण?"

टायर चढवल्यावर फरक उरला तो मुळ्याच्या दोन जुड्यांइतका. तरुण माणूस म्हणेल, त्यात काय. पण आमच्या वयात उचलणं आणि न उचलणं यांच्यात दोन जुड्यांचंच अंतर असतं.

पैसे? आमच्याकडे माणूस मेला की देवळातले भटजी त्याला नवं नाव देतात, आणि जितके पैसे जास्त तितकं नाव लांब. गेन्झोला भटजीबुवांनी मेल्यावरचं जे नाव दिलं ते इतकं लांबलचक आणि महागडं की वाचेस्तोवर उदबत्ती संपते. तसलंच नाव आपल्यालाही मिळावं म्हणून उमेनोने पैसे बाजूला ठेवले होते. ते तिने चाकांत घातले. म्हणाली, माझं नाव आखूड असलं तर चालेल, वर हाक मारायला सोपं.

रविवार उजाडला. नोबुहिको आपली मोठी चकचकीत गाडी घेऊन आला, पायात ऑफिसचे बूट. उमेनोने लोखंडी चाकं सोडली, काढताना काय, ती घरंगळतात. मग ताडपत्री बाजूला केली आणि सोनेरी चाक डाव्या हाताने उचलून गुडघ्यावर टेकवलं, बोल्टांवर सरकवलं. बाकड्यांवर चहा पिणं थांबलं. चारही चढली. नाईकाने पाना लावला, मान हलवली.

नोबुहिको म्हणाला, "आई, हे काही नियमात बसत नाही. बाबांना फावडं नव्हतं चाललं."

"फावडं घरी राहतं, चाक माझ्याबरोबर फिरतं. घाटात पंक्चर झालं तर मला हेच उचलायचंय ना?"

यावर बाकड्यांवर दोन तट पडले. नियमात चाक लोखंडाचंच हवं असं कुठे म्हटलंय, असा एक तट. दुसरा म्हणे, मग उद्या लोक कागदाची आणतील. मी दोन्ही तटांत होतो, लोणचं दोन्हीकडे चांगलं होतं.

नोबुहिको मात्र हट्टाला पेटला. "चाक म्हणजे हे," असं म्हणून त्याने लोखंडी चाक उचललं. गुडघे न वाकवता, ऑफिसात खाली पडलेलं पेन उचलावं तसं. अर्ध्यावर त्याच्या तोंडून एक बारीक आवाज आला आणि तो तसाच राहिला, ना वर ना खाली. कंबर धरली.

नाईक शांतपणे म्हणाला, "कुरोइवा नोबुहिको. जमलं नाही."

हसून हसून माझी कवळी निघाली, ती वेगळी गोष्ट. हाडवैद्य खाली नदीकाठच्या गावात, आणि तो रस्ता दरड पडल्यापासून नुसता खड्ड्यांचा. नोबुहिकोला त्याच्याच गाडीत आडवं करावं तर एवढी मोठी गाडी घाटात चालवणार कोण? उमेनोने त्याला आपल्या शेजारी कोंबलं. सामान राखायला एखादा माणूस मागे बसला तर पोलीस काही म्हणत नाहीत, म्हणून मी मुळ्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि सामान राखत मागच्या हौद्यात बसलो. मधली काच उघडी होती.

पहिला खड्डा आला तेव्हा नोबुहिकोने डोळे मिटून घेतले. ट्रक खाली गेला, वर आला. पोराची किंकाळी नाही. या ट्रकाला मी त्याच्या जन्मापासून ओळखतो. पूर्वी या रस्त्यावर तो माणसाच्या मणक्यांची फेरमांडणी करायचा. पुढच्या खड्ड्याला पोराने एक डोळा उघडला. पुलाजवळच्या वळणावर झाडीतून रानडुक्कर आलं आणि मधोमध उभं राहिलं. उमेनोने ब्रेक दाबला, ट्रक जागच्या जागी बसला. डुकराने आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि ते गेलं.

थोड्या वेळाने नोबुहिकोचा आवाज आला, "आई, तू बघितलंस ना त्याला?"

"तुझ्या आधी. तू एक डोळा मिटून होतास."

त्यानंतर हाडवैद्याच्या दारापर्यंत लायसनचा विषय निघाला नाही.

संध्याकाळपासून बर्फ पडायला लागलं. नोबुहिकोच्या गाडीला अजून उन्हाळी टायरच होते, ती उमेनोच्या अंगणात पांढरी होत बसली. सकाळी उमेनोनेच त्याला सोनेरी चाकांवरून स्टेशनला सोडलं. पिंपं उतरवायला मीही गेलो होतो. आगगाडी यायला वेळ होता.

ती त्याला म्हणाली, "एप्रिलमध्ये ये हं. उन्हाळी चाकं लोखंडीच आहेत अजून. ती चढवताना बघायला यायचं असेल ना तुला?"

त्याने कंबरेवर हात ठेवला. "नको, आई. उन्हाळ्याचीही हलकीच बसवून घे. शिओदाला सांग, मी पैसे पाठवतो. तुझं ते मेल्यावरचं नाव आणखी आखूड नको करूस."

उमेनोने त्याची कॉलर नीट केली. तिला असं हळुवार मी शाळेतही बघितलं नव्हतं. गाडी आली. नोबुहिको आईपुढे वाकला, इतका खाली आणि इतका वेळ की माझे डोळे भरून आले. मग त्याने खालूनच सांगितलं की त्याला सरळ होता येत नाहीये, आणि मी एका बाजूने, उमेनोने डाव्या हाताने दुसऱ्या बाजूने, असं आम्ही त्याला उचलून डब्यात चढवलं.