दहा सह्या आणि एक मत

कुठल्याही वस्तूला ते आधी उलटा हात लावायचे. चहाचा कप असो, दाराची कडी असो, नाहीतर माझ्या दुकानातली लोखंडी खुर्ची. हाताची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच वस्तू धरायची. "करंट असंन तं तळहात पकडून घेते भाऊ, उलटा हात फेकल्या जाते," असं ते प्रत्येक नव्या माणसाला समजावून सांगत. तुमच्या गावात एखादा निवृत्त लाइनमन असेल, तर ही सवय तुम्हीही पाहिली असेल. आमच्या लाइनमनभाऊंची मात्र ती निवृत्तीनंतर वाढतच गेली. एकदा आमच्याकडे जेवायला बसले आणि पोळीलाही उलटा हात लावला, तेव्हा माझी बायको हसू लपवायला आत निघून गेली.

ते मूळचे इंझोरीचे. नोकरीमुळे आमच्या तालुक्याच्या गावात आले आणि आमच्याच गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन पंचवीस वर्षं राहिले. माझं दुकान वायर, बल्ब, पंख्यांचं. त्यामुळे संध्याकाळी त्यांची खुर्ची माझ्याकडे ठरलेली. चौदा एप्रिलला विहाराची रोषणाई त्यांची, गणपतीत मंडळाची त्यांची आणि उरुसाचीही त्यांचीच. कुणी म्हणालं, "भाऊ, लाइन बंद आहे, हात लावा बिनधास्त," की ते मान हलवून म्हणायचे, "चालूच हाये समजा." माणसांबद्दलही त्यांचं हेच मत होतं. एखाद्या पुढाऱ्याचं राजकारण संपलं असं मी ठणकावून सांगितलं, तरी उत्तर तेच, "चालूच हाये समजा, भाऊ."

मी गल्लीतला राजकारणाचा जाणकार होतो. म्हणजे मीच तसं समजत होतो. विधानसभेत कुणाचे किती, कोण कुणाच्या टेकूवर उभा, कोण फुटणार, हे सगळं मी बिलबुकाच्या मागच्या पानावर मांडून दाखवायचो. ते शांतपणे ऐकायचे. त्या निवडणुकीआधी आमदारांच्या इकडून तिकडे जाण्याचा नुसता बाजार भरला होता. एका संध्याकाळी ते म्हणाले, "मत एका घरचं, उजेड दुसऱ्याच्या घरात. आमच्या खात्यात याले आकडा टाकनं म्हनते. त्याच्यासाठी दंड हाये."

मी हसलो. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढच्या टायपिस्टकडून त्यांनी स्टॅम्प पेपरवर एकच वाक्य टाइप करून आणलं: 'मी ज्या बाजूने निवडून येईन, त्याच बाजूला पाच वर्षे बसेन.' खाली सहीची जागा. तो कागद घेऊन ते एकेका उमेदवाराच्या कचेरीत गेले. एकानं चहा पाजला, दुसऱ्याकडे साहेब बाहेरगावी होते, तिसऱ्याच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढून घेतले. सही कुणी केली नाही. आठवडाभरानं ते दुकानात आले, खुर्चीला उलटा हात लावला, बसले आणि माझाच पेन घेऊन त्या कागदावर स्वतः सही केली. "मीच उभा राह्यतो," म्हणाले.

अपक्षाला दहा सूचक लागतात, त्याच मतदारसंघातले. माझ्या काउंटरवर अर्ज ठेवला आणि गल्लीतल्या नऊ जणांनी पटापट सह्या केल्या. पहिली माझी. मेडिकलवाला होता, इस्त्रीवाला होता, गावाबाहेर भाजीचे वाफे करणारे दोघे माळी भाऊ होते. सगळे हसत होते, पाठीवर थाप मारत होते. दहावा मिळेना. तेव्हा माझी बायको आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "माही चालते काय, भाऊजी?" तिनं आधी सगळा अर्ज वाचला, मग सही केली. आम्ही नऊ जणांनी तो वाचलाही नव्हता.

चिन्ह त्यांनी बल्ब मागितलं होतं. मिळाली फुलकोबी. माळी भावांना हसू आवरेना. पत्रक छापलं त्यावर फोटोही नाही, नुसती भलीमोठी कोबी आणि खाली ते एक वाक्य. दसरा नुकताच होऊन गेला होता, कोबीचा हंगाम होता. रोज सकाळी ते वाफ्यावरून एक ताजा गड्डा घ्यायचे, पिशवीत घालून घरोघर जायचे आणि संध्याकाळी तो आमच्या स्वयंपाकघरात देऊन टाकायचे. "वैनी, उद्या हे सुकून जाईन. सुकेल चिन्ह नाही दाखवाव लोकाइले." पंधरा दिवस आमच्या घरी कोबीशिवाय भाजी झाली नाही. आणखी एक गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं नाव इंझोरीच्या यादीत होतं, दुसऱ्या मतदारसंघात. त्यामुळे आपलं मत ते आपल्यालाच देऊ शकत नव्हते. "बरंच हाये," ते म्हणाले, "जेवढे पडतीन तेवढे दुसऱ्याचेच."

मतदानाच्या आदल्या दिवशी मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो होतो, "आमच्या घरची दोन्ही मतं तुमची, भाऊ." घरी येऊन बायकोला सांगितलं ते वेगळंच. लढत घासून आहे, मुंबईत एकेका जागेवर सरकार अडणार आहे, अशा वेळी मत वाया घालवायचं नसतं. ती कोबी चिरत राहिली. दुसऱ्या दिवशी मशीनपुढे उभा राहिलो तेव्हा मला फार मोठा विचार केल्यासारखं वाटत होतं. माझी नजर खाली गेलीच नाही. वरचं दोन नंबरचं बटन दाबलं आणि बोटाची शाई फुंकत बाहेर आलो. ते केंद्रापासून लांब, उन्हात उभे होते. मी त्यांना बोट दाखवून हसलो. आजही ते हसू आठवलं की माझे कान तापतात.

मतमोजणीला त्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून मलाच बसवलं. उमेदवाराला आत जाता येतं, पण ते गेले नाहीत. "आत माह्यानं बसवनार नाही. कुठी उघडी वायर दिसली का मी उठतो," असं म्हणून बाहेर चहाच्या टपरीवर बसले. आत जाळीच्या अलीकडे मी कागद-पेन घेऊन बसलो. एकेका केंद्राचं मशीन यायचं, अधिकारी आकडे दाखवायचे आणि मी लिहून घ्यायचो. ते अकरा नंबरला होते. अकरा नंबरपुढे शून्य, दोन, शून्य, चार. मग आमच्या गल्लीचं केंद्र आलं. अकरा नंबरपुढे एक.

शेजारी मोठ्या पक्षाचा प्रतिनिधी बसला होता. तो वाकून बघत म्हणाला, "काहून भाऊ, सूचक तं दहा होते ना? तुमच्या घरचंबी नाही पडलं काय?" आणि मी हसलो. रडावंसं वाटायला हवं होतं, निदान गप्प तरी बसायला हवं होतं. मी त्याच्यासोबत हसलो.

संध्याकाळी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून परत निघालो. एकूण आकड्याचं त्यांनी काही विचारलं नाही. डिपॉझिट गेलं, 'नोटा'ची मतंसुद्धा त्यांच्या पुढे गेली, ते त्यांना बाहेरच्या भोंग्यावर कळलं होतं. गाव जवळ आल्यावर मागून आवाज आला, "आपल्या बूथवर किती?"

"एक," मी म्हणालो.

मला वाटलं आता हा माणूस खचणार. पण ते चक्क खूश झाले. "एक! म्हंजे कोनीतरी देल्लं." माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता, तो त्यांनी जरा दाबला. "पता लावतो भाऊ. त्या मानसाले भेटाच लागते."

दुसऱ्या दिवशी ते स्टॅम्प पेपर घेऊन सूचकांच्या घरोघर गेले. हा कागद आता मत देणाऱ्याचा, त्याच्याजवळच राहिला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. मेडिकलवाला म्हणाला, ते एक मत माझं. इस्त्रीवाला म्हणाला, माझं. दोघे माळी भाऊ एकाच ओट्यावर बसून एकाच वेळी "माहं" म्हणाले. लाइनमनभाऊ प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायचे, "मी कितव्या नंबरवर होतो?" कुणी म्हणे चार, कुणी म्हणे साहेबांच्या खाली, कुणी म्हणे चष्मा नव्हता. ते वाद घालत नव्हते. "असंन, असंन," म्हणून पुढच्या घरी जायचे.

शेवटी माझ्याकडे आले. बायको चहा घेऊन आली होती, काउंटरच्या त्या बाजूला उभी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते काही विचारण्याआधीच मी म्हणालो, "माझं होतं, भाऊ. अकरा नंबर." बरोबरच होतं. मतमोजणीत दिवसभर अकरा नंबरपुढेच तर लिहीत बसलो होतो मी.

बायकोनं कप ठेवला आणि आत गेली. त्यांनी कपाला उलटा हात लावला. मग तोच हात माझ्या मनगटावर टेकवला, क्षणभर ठेवला आणि काढून घेतला. मला वाटलं, सवयच आहे. स्टॅम्प पेपर माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "ठेवा भाऊ तुमच्यापाशी." आणि चहा पिऊन गेले. मतमोजणीचा पास मला त्यांनीच काढून दिला होता, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. त्यांना आठवलं नसेल असं मी आता म्हणू शकत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुंबईत बेरजा फिरल्या. ज्यांना थोपवायला मी दोन नंबर दाबला होता, त्यांच्याच शेजारी आमच्या बाजूचे काही लोक जाऊन बसले. दुकानातल्या टीव्हीवर ते दिसत होतं आणि लाइनमनभाऊ खुर्चीत बसून बघत होते. माझी मान वर होईना. टोमणा मारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. "आवाज कमी करा भाऊ, गिऱ्हाईक आलं," एवढंच ते बोलले.

नंतर ते इंझोरीला परत गेले. गेल्या उन्हाळ्यात दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. आम्ही दोघं जाऊन आलो. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली त्यांचा टेस्टर आणि रबरी हातमोजे नीट ठेवलेले. परत आल्यावर मी दुकानाच्या खणातून तो स्टॅम्प पेपर काढला आणि बायकोला म्हणालो, "ते एक मत कुणाचं होतं, शेवटपर्यंत कळलं नाही बिचाऱ्याला."

ती तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मशीनवरच्या फोटोत त्याइनं शर्टाचं वरचं बटन लावलं होतं. गळा आवळल्यावानी दिसत होते. एरवी कधी लावत नव्हते."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलली काहून नाहीस?"

"तुमी त्याइच्या तोंडावर लबाडी करून राह्यले होते. मी खरं बोलली असती, तं तुमचं तोंड कुठी राह्यलं असतं?"

मी कागद तिच्यापुढे धरला. म्हणालो, "हा तुझा आहे." तिनं हाताचे तांदूळ ताटात झटकले, कागदावरची सही पाहिली आणि तो घेतला नाही.

"तुमाले देल्ला ना त्याइनं," ती म्हणाली. "तुमीच ठेवा."

तो अजून दुकानाच्या खणात आहे, फ्यूज वायरच्या रिळांखाली. दिवसातून पाच-सहा वेळा तो खण उघडावाच लागतो. हल्ली उघडताना माझा हात आपोआप उलटा होतो.