वहीवालीनं न वाचलेला बदल

ऑफिसात तिला सगळे वहीवाली म्हणत. नवी प्रोग्रामिंगची भाषा घडवणारी त्यांची टोळी. हिच्याकडे सगळ्यांच्या चाचण्यांना लागणारी सामायिक हत्यारं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम. भाषेनं दिलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून बघणारं, चाचणीनंतरचा पसारा आवरणारं, अशी चाळीसेक. प्रत्येकाची माहिती तिनं कॉम्प्युटरवर एका ठिकाणी लिहून ठेवलेली, तीच ती वही. हे कशासाठी, कधी वापरू नये. बदल केला की कारण आणि नाव लिहायचंच, हा तिचा नियम.

थोरली बहीण म्हणायची, "म्हणजे लोकांच्या चपला जोडीनं लावून ठेवायच्या. पगार देतात याचा?"

"देतात. वर शिव्या फुकट."

लोकांचे बदल ती ओळ न् ओळ वाचून मगच मंजूर करी. अपवाद एक, ज्याला सगळे वकील म्हणत तो. शेजारच्या टेबलावरचा, चहा गरम की गार यावरही वाद घालणारा. अकरा वर्षं दोघं एकमेकांच्या डब्यात जेवत आलेले.

गुरुवारी बाहेरून तक्रार आली: तुमच्या भाषेत वजाबाकी चुकतेय. तिनं चाचणी चालवली. हिरवी, म्हणजे पास. मग मुद्दाम बेरीजही मोडून पाहिली. तरी हिरवी. ताडणारं हत्यार उघडलं, तर उत्तर जुळलं नाही की ते दोनदा पुन्हा बघत होतं आणि मग मुकाट पुढे सोडत होतं. सात महिने. वहीत कारण होतं, "वेळ वाचवण्यासाठी". खाली नाव हिचं. बदलांच्या इतिहासात मात्र वकिलाचं, आणि मंजुरी हिची.

वकिलानं खुर्ची वळवली. "अगं, नवी आवृत्ती अडली होती. चार दिवसांत काढणारच होतो. राहून गेलं."

"माझं नाव कशाला घातलंस?"

"तुझं नाव असलं की कुणी विचारत नाही."

कौतुक केल्यासारखं म्हणाला तो.

तिनं ती सूट काढून टाकली. तीनशे बारा चाचण्या लाल झाल्या. वहीत तिनं लिहिलं: "हे हत्यार सात महिने खोटं बोललं. बदल करणारा: वकील. न वाचता मंजूर करणारी: मी."

जेवायच्या वेळी वकिलानं सवयीनं चमचा तिच्या डब्याकडे नेला. "काय आणलंयस आज?"

तिनं डबा आपल्याकडे ओढला. "वहीत लिहिलंय. ते वाच आधी."