काकांना मशीन पसंत पडेना

आमचे काका ट्रक तोलायचे वजनकाटे दुरुस्त करतात. निम्मा महिना ते परगावी, कुठल्यातरी लॉजच्या खाटेवर. काकू इथे इस्पितळात एक्स-रे काढतात. एवढ्या लांबून संसार टिकला तो बुद्धिबळावर. एक पट घरी फ्रिजवर, दुसरा काकांच्या बॅगेत. काका फोन करून आपली चाल सांगणार, काकू त्यांची सांगणार, की फोन बंद. त्यापलीकडे फोनवर काही बोलायचं असतं, हे काकांच्या गावीही नव्हतं. खेळतात भिकार, पण हौस दांडगी.

एकदा काकूंनी एका पेशंटला "श्वास रोखून धरा" म्हटलं आणि तेवढ्यात काकांचा वजीर पुढे सरकल्याचा फोन आला. काकू विचारात पडल्या. पेशंट बिचारा आज्ञाधारक, निळा पडायच्या बेताला आला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना सगळ्यांसमोर झापलं. काका दौऱ्यावरून घरी येताच काकूंनी फर्मान काढलं, "अहो, प्रवासात एकट्याने बुद्धिबळ खेळायचं मशीन मिळतं, ते घ्या. फोनवरचं बुद्धिबळ आजपासून बंद."

मी एकदा त्यांचा मिक्सर उघडून पुन्हा बंद केला होता. तेवढ्या भांडवलावर मी घरातली यंत्रांची जाणकार, म्हणून दुकानात मलाही नेलं.

काकांनी पहिलं मशीन उचललं आणि गदागदा हलवलं. सोंगट्या जमिनीवर. "बसमध्ये घोडा सीटखाली गेला तर कंडक्टर शोधून देणार का?"

दुसऱ्यात सोंगट्या भोकांत घट्ट बसत होत्या, पण ते दर चालीला पिपाणी वाजवायचं. "लॉजवाला हाकलून देईल." तिसरं बंद केलं की चालू डाव विसरायचं. चौथं पडद्याचं. ते उन्हात दिसतं का हे बघायला काका थेट रस्त्यावर गेले, आणि दुकानदार त्यांच्यामागे धावला.

परत आल्यावर घाम पुसत त्याने पाचवं काढलं. सोंगट्या घट्ट, आवाज बंद करता येतो, डाव लक्षात ठेवतं, खिशात मावतं. "आणि अगदीच कच्च्या खेळाडूसाठी सोपी पातळीसुद्धा आहे," तो म्हणाला. मला खोकला आला.

काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. आमच्या घरात राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. हा नियम आजोबांनी एकदा हरता हरता काढला होता. काकांनी राजाला उडी मारायला लावली. मशीनचा लाल दिवा लागला.

"बघा! याला बुद्धिबळच येत नाही!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," दुकानदार पुटपुटला. पुटपुटणं चांगलं खणखणीत होतं.

काकूंचा धीर सुटला. "अहो, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

काका मशीन उलटसुलट करत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "हे घेतलं तर तुला फोन कशासाठी करू?"

मला काकांची कीव आली. काकूंना मात्र राग आला, आणि तो मला अगदी पटला.

"इतकी वर्षं फोन केलेत. घोडा कुठेय विचारलंत, उंट कुठेय विचारलंत. मी कशी आहे हे एकदा तरी विचारलंत?" मग दुकानदाराकडे वळून म्हणाल्या, "बांधून द्या हो हे."

काका पुन्हा दौऱ्यावर गेले. पहिले काही दिवस फोनच नाही. काकू मात्र फोन हातातून सोडत नव्हत्या. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. जेवून आम्ही ताटं घासत होतो, तेव्हा फोन वाजला. हात ओले, म्हणून काकूंनी कोपरानेच स्पीकर लावला.

पलीकडून नुसते हॉर्न ऐकू येत होते. मग काकांनी घसा साफ केला. तोंडी परीक्षेला बसलेल्या पोराच्या आवाजात त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

काकूंनी हातातल्या घासलेल्या ताटाकडे पाहिलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या.

"का गं? बरं नाही का?"

काकूंनी हात पदराला पुसले, स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.