शेडला दिलेला शब्द

शालनआक्का कधी कुणाच्या पाठीमागून येत नसत. मशीनवर बसलेल्या एखादीचा टाका चुकत असला, तरी त्या रांगेच्या पार टोकापर्यंत चालत जात आणि तिथून वळून तिला समोरून दिसतील अशा येत. येता येता लांबूनच म्हणत, "काय न्हाई गं, टाका बघाय आलीय." आधी 'काय न्हाई', मग काम. माल तपासायला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलंसुद्धा, "या बाई प्रत्येकीची समजूत का घालत फिरतात?" मी म्हटलं, "सध्या सीमेवर लढाई चालू आहे ना, म्हणून." त्यांना काही ते उमगलं नाही, आणि मलाही समजावत बसायला वेळ नव्हता.

आमची शेड कडेगावच्या बाहेर, उसाला लागून. तिथे थंडीत वापरायच्या स्लीपिंग बॅगा शिवल्या जातात. मालक सांगलीचे जैन व्यापारी. घरचा हळदीचा धंदा भावाकडे सोपवून ते शिलाईत पडले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. मी कामगारांचं बघते, म्हणजे हजेरी, रजा आणि रुसवेफुगवे. आक्का सुपरवायझर होत्या. मशीनवर बसायला म्हणून आल्या आणि हळूहळू आण्णांना दरडावण्याइतक्या वर चढल्या. त्यांचे यजमान फौजेतून पेन्शनीत आले आणि थोड्याच वर्षांत गेले. मुलगा रणजित सीमेवर होता, आणि त्याची बायको अर्चना आमच्याच शेडमध्ये दुसऱ्या रांगेत बसायची. अर्चनाच कशाला, तिथल्या निम्म्या बायकांचं कुणी ना कुणी फौजेत होतं.

लढाई सुरू झाली आणि शेडची रयाच गेली. आमच्याकडे मोबाइल दारातल्या पेटीत ठेवायचा नियम. पण मोबाइल आता ब्लाउजमधून, डब्यातून, एकदा तर चक्क कापसाच्या गादीतून निघायला लागले. कुठूनतरी एखादी अफवा यायची आणि अख्खी रांग उठायची. माल वेळेत गेला नाही तर ऑर्डर देणारी कंपनी काम काढून घेणार आणि शेडला कुलूप लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी हात चालत नव्हते.

आण्णा भला माणूस. त्यांनी त्यांच्या परीनं सगळं केलं. पुण्याहून एक वक्ते आणले. त्यांनी बायकांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, मूठ आवळून "मी करू शकते" म्हणायला लावलं. बायकांनी म्हटलं आणि खाली बसून पुन्हा दाराकडे बघायला लागल्या. मग आण्णांनी हुरूप यावा म्हणून स्पीकरवर देशभक्तीची गाणी लावली. पहिलंच गाणं अर्धं झालं नाही तोच आक्कांनी वायर ओढून काढली.

"आवं आण्णा, कुणी सांगितलं तुमास्नी ही गाणी लावाय? आमच्या गावात ही गाणी जवानाची पेटी आली की लागत्यात. फुलांच्या गाडीवर."

आण्णांचा चेहरा पडला. स्पीकर त्यांनी स्वतः उचलून आत ठेवला.

घाव बसला तो आमच्या मंगलच्या वेळी; तिचा नवराही सीमेवर होता. आमच्या भागात फौजेतला माणूस गेला की बातमी बायकोला सांगत नाहीत. गावाला आधी कळतं. मग कुणीतरी टीव्हीची केबल काढतं, कुणी मोबाइल काढून घेतं, आणि बाई बाहेर कामाला असली तर "सासूला बरं न्हाई, घरी चल" म्हणून आणतात. पेटी दारात येईपर्यंत गावभर सगळे तिच्याशी खोटं बोलतात. मंगलचा दीर एका दुपारी शेडच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, आईला बरं न्हाई, चला." सासू खरोखरच न्हाणीत घसरून पडली होती. पण मंगलनं ते ऐकलं आणि जाग्यावर कोसळली. तो बिचारा शपथा घेत होता, "आवं, आईच पडलीया!" कुणी विश्वास ठेवेना. अख्खी शेड रडत होती. घरी नेऊन सासू दाखवली तेव्हा कुठे मंगल शुद्धीवर आली.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मशीनं बंद करायला लावली आणि रांगांच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"हितं आजपासनं कुणी कुणाशी खोटं बोलायचं न्हाई. घरच्यांस्नी हापिसचा नंबर द्या. काय बी झालं तरी फोन मॅडमकडं यील, मॅडम मला सांगतील. आन मी तुमच्यासमोर यिऊन, तोंडावर सांगीन. मी 'काय न्हाई' म्हणाले, तर काय न्हाई. ह्यो माझा शब्द हाय."

मग त्यांनी जागा बदलल्या. जिचा माणूस सीमेवर तिच्या दोन्ही बाजूंना ज्यांचं कुणी फौजेत नाही अशा बायका बसवल्या. "दोन रडव्या शेजारी नकोत," म्हणाल्या. पेटीतले मोबाइल दुपारी जेवताना सगळ्यांना मिळायचे. मी हे सगळं कौतुकानं पाहत होते. आण्णा मला हळूच म्हणाले, "मी पुण्याच्या माणसाला उगाच बोलावलं." मोबाइल आपसूक पेटीत गेले आणि मशीनचा आवाज पुन्हा एकसारखा यायला लागला. आक्का दिवसभर रांगांतून फिरत, समोरून येत, 'काय न्हाई' म्हणत. बायका मान वर करून त्यांचं तोंड बघत आणि पुन्हा टाक्याकडे वळत.

आणि एक दिवस सकाळी ऑफिसचा फोन वाजला. आक्कांचे धाकटे दीर बोलत होते. "मॅडम, आमचा रणजित गेला. वैनीला कळू दिऊ नका. अर्चनाला तर अजाबात न्हाई. आमच्या हिला बरं न्हाई म्हणावं आन दोघींस्नी गाडीत घाला."

मी आक्कांना आत बोलावलं. खोटं बोलायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण त्यांनी दारातच माझं तोंड वाचलं होतं. मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. पाणी मागितलं आणि ग्लास तसाच हातात धरून ठेवला. तिथेच बसलेले आण्णा रडत होते. ते म्हणाले, "आक्का, पोरीला आत्ता सांगू नका. घरी न्या, मग बघू."

"आण्णा, मंगलला आन सगळ्यास्नी मी काय बोलले हुते?"

"ते बोलणं राहू द्या आता."

"कसं राहू दिऊ?" त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या रांगेच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या आणि अर्चनासमोर आल्या. या वेळी लांबून 'काय न्हाई' आलं नाही. आजूबाजूची मशीनं एकेक करून थांबली. अर्चना उभी राहिली. आक्कांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "रणजित गेला, बाळा. आपला रणजित गेला." त्यानंतरचा आवाज मला आजही ऐकवत नाही.

पेटी यायला दोन दिवस लागले. त्याच आठवड्यात लढाई थांबली. आमचा माल वेळेत गेला, शेड वाचली. पण ट्रक निघताना कुणी नारळसुद्धा फोडला नाही.

आक्का पुन्हा कामावर आल्या नाहीत. महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले. आक्का घराच्या पुढच्या सोप्यात बसल्या होत्या, निम्म्यानं वाळलेल्या. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही शब्द पाळलात. शेडमधली एकेक बाई तुमचं नाव काढते."

"शब्द मी शेडला दिला हुता, मॅडम. पोरीला कवा इचारलं हुतं?" त्यांचा आवाज खाली आला. "पेटी आल्याबिगर बांगड्या उतरवता येत न्हाईत. सगळं ठावं असून दोन दिस ती भरल्या हातानं बसली. मनगटाकडं बघत. आपली माणसं खोटं का बोलत्यात, ते मला तवा उमजलं. दोन दिस तिला सुखाचं जेवाण मिळालं असतं. ते मी काढून घ्येतलं."

थंडीत आक्का गेल्या. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

अर्चना आता पुन्हा दुसऱ्या रांगेत बसते. आक्कांचं दिवसकार्य झाल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "आक्कांनी तुला सांगितलं, त्याचा तुला राग आला होता का गं?"

"राग कशाचा, मॅडम?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं नसतं, तर दोन दिस त्यांना माझ्यासमोर हसाय लागलं असतं. पोरगा गेल्याला, आन मला वाढून द्यायचं, माझ्याशी बोलायचं. त्या रातीला आमी दोघी एकमेकींस्नी धरून बसलो हुतो. तेवढंच काय ते."

"हे त्यांना सांगितलंस कधी?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "न्हाई. त्या माझ्याकडं बघायच्याच न्हाईत, मॅडम. मला वाटायचं, पोराच्या दुखात हायत. थोडं सावरू दे, मग बोलू."