नळीत फिरणारी चार बोटं

ट्रकमधून मल्चिंग पेपरचा रोल उतरला की ते आधी त्याच्या मधल्या पुठ्ठ्याच्या नळीत चार बोटं घालून गोल फिरवायचे. कुठे अडली नाहीत तर म्हणायचे, "गोल हाय. जाऊ दे."

कारंज्याच्या ज्या ट्रान्सपोर्ट गोदामात मी कॉम्प्युटरवर मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पावत्या करते, तिथे ते हमाल होते. भाजीच्या वाफ्यांवर अंथरलेला तो काळा-चंदेरी कागद तुम्ही पाहिला असेल. त्याला गोदामात झोपवावं तर त्यांनीच. खाली फळ्या, दोन्ही अंगांना लाकडी ठोकळे, दोन्ही तोंडांना गोणपाटाची टोपी. "जावयासारखं निजवा लागते याले. अंगावर काही ठेवाचं नाही."

एकदा त्यांनी मला रोलवरचं इंग्रजी वाचायला लावलं. वर वजन ठेवू नये, असंच लिहिलं होतं. कंपनीलाही आपलं पटलं म्हणून दिवसभर खूश होते. गोदामात सगळे मला मॅडम म्हणत. ते एकटे पोरी म्हणायचे.

एका दुपारी ते जेवायला गेले असताना एका ड्रायव्हरनं विचारलं, खताची पोती रोलांवर ठेवू का? अनोळखी माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही. मी मान डोलावली.

परत आल्यावर त्यांनी पोती उतरवली आणि एकेका नळीत बोटं घातली. चार रोल चेपले होते. ते त्यांनी भिंतीशी वेगळे निजवले. दुसऱ्या दिवशी त्यांना भाचीच्या लग्नाला जऊळक्याला जायचं होतं. जाताना म्हणाले, "शेठले सांगजो पोरी, हे चार द्याचे नाहीत."

सांगायचं तर पोती कुणाच्या होकारानं ठेवली, तेही सांगावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. सकाळी ते चारही रोल इंझोरीला गेले.

ते लग्नाहून परतले त्याच दिवशी इंझोरीचा शेतकरी आला. ट्रॅक्टरवर रोल फिरेना, ओढून ओढून कागद फाटला, टरबुजाची रोपं ट्रेमध्येच माना टाकत होती. शेठनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "नळी तुमी पाहता ना? मंग सांगितलं काहून नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहिलं.

"माह्यानं सांगाचं राह्यलं, शेठ."

त्या दिवसापासून रोलांना हात लावायचा नाही, फक्त पोती उचलायची, असं ठरलं. आठवडाभर ते रोलांजवळून हात मागे बांधून जात होते. मग यायचेच थांबले.

मध्यंतरी कामरगावच्या स्टँडवर भेटले. मी मनात कितीदा घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आणलं होतं. त्यांनीच आधी विचारलं, "रोल निजवूनच ठेवतात ना?"

"हो."

"नळी कोण पाह्यते?"

"मी."

जीप भरत आली होती. पायरीवर पाय ठेवून ते वळले.

"पाहत जा, मॅडम."