पानावरची हळद

तिने पुस्तक दोन बोटांनी, एका कोपऱ्याला धरून उचलले आणि सर्वांसमोर उघडले. चित्राखालच्या प्रत्येक ओळीवर पिवळे ठसे होते.

"हे बघा. हळद निघते का कधी? आता दुसरी मुलं या पुस्तकाला हात लावतील?"

ही आमच्या सांगलीच्या मंदिरातील बालवाचनालय सांभाळणारी बाई. माझी सहा वर्षांची नात माझ्या धोतराआड सरकली.

मोठे ठसे माझ्या सुनेचे, लहान नातीचे. सून हळदीच्या वखारीत हळकुंडे निवडते. संध्याकाळी हात धुऊन लेकीला मांडीवर घेते, अक्षरांखालून बोट फिरवते. पोर त्या बोटामागून वाचते. तशीच ती वाचायला शिकली. हात धुतले तरी रंग राहतो, आईचा हात धरून पोरीच्या बोटांनाही लागतो.

बाई म्हणाली, "हिला इथंच पायरीवर बसून वाचू दे. पानं उलटायला मी कुणाला तरी सांगते. पुस्तक घरी नेणं तुम्हा लोकांना जमायचं नाही, बाबा."

तुम्हा लोकांना.

आम्ही माणदेशाकडील मेंढपाळ. मी वाईच्या पाठशाळेत संस्कृत शिकलो. याच मंदिराच्या मंडपात दर एकादशीला वर्षानुवर्षे पुराण सांगत आलो. हीच बाई समोर बसून, डोळे मिटून ऐकत असे. आरंभी पोथीला हळद वाहिली जाई. ती हळद पवित्र. कष्टाच्या बोटांवरून उतरलेली तीच हळद डाग.

आमचा कंठ त्यांना चालत होता. हात चालत नव्हते. इतकी वर्षे हे मला दिसलेच नाही.

मी म्हणालो, "माझी नात पायरीवर वाचणार नाही."

"अहो, रागावताय काय? एकादशीला येणार ना?"

"ती आत बसून स्वतःच्या हाताने पान उलटील, त्या दिवशी येईन."

"पोरीच्या पुस्तकापायी देवाची सेवा सोडता?"

"देव माझ्या घरीही आहे."

वाटेत चित्रांचे नवे पुस्तक विकत घेतले. संध्याकाळी सून वखारीतून आली. झालेला प्रकार ऐकून मोरीकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचे तळवे लाल झाले होते. लाल, आणि तरीही पिवळे.

"मामंजी, लय घासलं, पर जाईना. आजपास्नं तुमीच घ्या तिला वाचाय."

"घासू नकोस. बस."

ती बसली. बोट अक्षरांखालून फिरू लागले. पोर वाचू लागली. तिचे दोन्ही हात मात्र मांडीखाली दाबलेले. पान संपले.

"आज्जा, तूच उलट."

मी हाताची घडी घालून बसलो आहे. रोज बसतो. रोज तेच पहिले पान वाचून होते आणि ती माझ्याकडे पाहते. तिच्या आईचा हात पुढे येतो. मी मानेनेच नको म्हणतो.

पान तिनेच उलटायचे; मी उलटणार नाही. दुसऱ्या कोणालाही उलटू देणार नाही. आणि वाचनालयाच्या पुस्तकाचे पान तिच्या पिवळ्या बोटांनी, त्या मंदिरात, सर्वांसमोर उलटले जाईपर्यंत त्या मंडपात माझा कंठ उघडणार नाही.